कर्वे आणि सप्ताहाचा मांडव

14 ऑक्टोबर हा रघुनाथ धोंडो कर्वे यांचा स्मृतिदिन. 1953 साली ते गेले आणि त्यांच्यापाठोपाठ ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. जुलै 1927 पासून 26 वर्षे हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती चालवले. जालन्यातून त्यांची आठवण काढायला कारण आहे. धर्माच्या नावाने शरीराबद्दल जे सांगितले जाते, त्याला पुरावा मागणारा इतका चिवट माणूस मराठीत दुसरा झाला नाही.

संततिनियमनाचा प्रचार सोडला नाही म्हणून विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. ते कॉलेज ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते. पुढे खटले ओढवले ते सनातनी हिंदूंच्या रोषामुळे. 1934 च्या खटल्यात तर लेखही नव्हता, वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे होती. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीची. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक विचारतात तर जाणत्याने उत्तर का देऊ नये, हा त्यांचा सवाल होता. खटल्यात हार झाली, कर्वे यांना 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिले.

आपल्या जिल्ह्यात प्रश्न विचारायला आजही जागा नाही. सांगणारे मात्र पुष्कळ आहेत. हरिनाम सप्ताहाच्या मांडवात सारे गाव बसते, भोंग्यावरचे कीर्तन वस्तीपर्यंत ऐकू जाते. तिथे संसार, सून, लेक, पुत्रप्राप्ती हे विषय येतातच. मुलगा की मुलगी हे तिथीवर ठरते, अशा अर्थाच्या कीर्तनातल्या विधानावरून 2020 मध्ये राज्यात वादळ उठले आणि गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली प्रकरण न्यायालयात गेले. एका वक्त्यापुरता हा प्रश्न नाही. व्यासपीठावरून काय सांगितले जाते, ऐकणारी पंधरा वर्षांची मुलगी त्यातून काय उचलते, हे कोणी बसून नोंदवतच नाही. ते नोंदवणे हे संशोधन आहे, आणि त्याला मुंबई-पुण्याची वाट पाहावी लागत नाही.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात. बोहल्यावरून ते निघून गेले, ही कथा कीर्तनात शेकडो वेळा रंगते. अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे वय किती होते, पुढे तिचे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारते. ते विचारल्याने समर्थांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही.

दसरा उलटला की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वयात आलेली लेक मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या घोराने आईबाप तिचे लग्न उरकतात. बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी गावात ग्रामसेवकाची, पण त्याचे ऐकतो कोण? महाराजांचे ऐकतात. म्हणूनच कीर्तनकारांना शत्रू ठरवून भागणार नाही, कर्वे यांच्याइतका तिखट सूर आम्हाला इथे परवडणाराही नाही.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी या हंगामातल्या कीर्तनांचा अभ्यास विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. आणि कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती: यंदाच्या सप्ताहात एक दिवस ‘अठरा वर्षांआधी लेकीचे लग्न करू नका’ एवढेच सांगा. असे लग्न ठरल्याचे कानावर आले, तर 1098 या बालमदत क्रमांकावर कळवा, हेही व्यासपीठावरूनच सांगा.