शपथेवर खोटं बोलणाऱ्याची खुर्ची जायलाच हवी

सातारा-सांगलीच्या मतदारांनो, येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी हे वाचा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

सरकारी जागेवर अतिक्रमण केलं की ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरतो. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तरी पद जातं. आणि आमदार-खासदाराने उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात जमीन, कर्ज किंवा गुन्हा जाणूनबुजून लपवला तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125-अ खाली फार तर सहा महिने कैद, नाहीतर नुसता दंड. आमदारकी जायला मात्र या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. म्हणजे दोषी ठरूनही गडी खुर्चीतच. पळवाट कसली, हा तर हमरस्ता! महाभियोग म्हणाल, तर तो राष्ट्रपती आणि न्यायाधीशांसाठी. आमदाराला तो लागू नाही.

देवेंद्र फडणवीस यांच्यावर 2014च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणं न दाखवल्याचा खटला होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मार्गी लावला आणि सप्टेंबर 2023 मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. निकालाचा मान राखूया. पण निकाल उलटा लागला असता, तरी या कलमाने त्यांचं पद गेलं नसतं. आणि निकाल लागेपर्यंत 2014ची विधानसभा केव्हाच संपली होती.

विधी आयोगाने 2014च्या 244व्या अहवालात उपाय सांगून ठेवला आहे: किमान दोन वर्षं शिक्षा आणि त्याबरोबर अपात्रता. संसदेने अजून तो कायद्यात आणलेला नाही. विरोधक खोट्या तक्रारी करतील, ही भीती खरी आहे. म्हणून न्यायालयात जाणूनबुजून केलेला खोटेपणा सिद्ध झाला, तरच पद जावं. लिहिताना झालेल्या चुकीला ही शिक्षा नको.

इंग्रजांच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं याच मुलखात गावासमोर निवाडे करत. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. आपणही गावासमोरच सुरुवात करू. आपल्या आमदाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून काढा आणि चावडीवर वाचा. कुणाची विहीर कुठे, कुणाचं बागाईत कुणाच्या नावावर, हे तलाठ्याच्या आधी गावाला ठाऊक असतं!

मग ग्रामसभेत ठराव मांडा: ‘कलम 125-अ खाली किमान दोन वर्षं शिक्षा आणि अपात्रता करावी.’ ठरावाची प्रत आपल्या खासदाराला पाठवा, पोच घ्या आणि ती पोच पंचायतीच्या फलकावर लावा.