दिवा विझला, पण गाडी नापास!

मागच्या उन्हाळी सुट्टीत धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. त्याच्या 2009 सालच्या गाडीत इंजिनाचा दिवा पेटला होता. तो राहतो तिथे अशा जुन्या गाड्यांची दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते. त्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण नाही. मुदतीला आठवडाच उरलेला. मी बेळगावी शहाणपण सांगितले, ‘बॅटरीची तार काढून पुन्हा लाव, दिवा जाईल.’ दिवा गेला, पण गाडी नापास!

आपल्याकडे पीयूसीला सायलेन्सरमधला धूर मोजतात. तिथे 2000 सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या संगणकालाच वायर जोडून प्रगतिपुस्तक वाचतात. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या चाचण्या तो संगणक गाडी चालत असताना स्वतःच घेतो. आम्ही तार काढली आणि प्रगतिपुस्तक कोरे झाले. कोऱ्या पुस्तकावर पास कोण करणार?

मेकॅनिकला दोष सापडला तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात. तिथून वाफ गळत होती. झाकण बदलून तो म्हणाला, ‘टाकी अर्धी ठेवा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या. मग थोडी गावात, थोडी महामार्गावर एका वेगाने चालवा.’ भाऊ पाच दिवस पहाटे उठून गाडी काढायचा. मी शेजारी मुकाट्याने बसायचो. सहाव्या दिवशी गाडी पास झाली.

‘दादा, विद्यार्थ्यांना असले उपाय सांगू नकोस हं,’ भाऊ हसत म्हणाला.

वर्षाचा अभ्यास आदल्या रात्री होत नाही, हे मी वर्गात वीस वर्षे सांगतो आहे. गाडीने ते मलाच शिकवले.