हवामानावर पोसलेलं यंत्र

कर्णबधिरांची भाषा आता यंत्राला कळते, ही थाप आहे. मला तिची चीड येते, कारण तिची किंमत कर्णबधिरांनाच मोजावी लागणार आहे.

सलग चाललेली सांकेतिक भाषा संगणकाला ओळखता यावी म्हणून जगभरचे संशोधक वर्षानुवर्षं आपली यंत्रं कशावर पारखत आले? जर्मनीतल्या फिनिक्स वाहिनीवरच्या हवामानाच्या अंदाजावर! २००९ ते २०११ मधलं चित्रण, नऊ दुभाषे, गडद कपडे, मागे करडा पडदा, हजाराच्या आसपास खुणा. तेही निवेदकाचं जर्मन कानावर पडताच घाईने हातांत उतरवलेलं. कर्णबधिर माणूस घरात कसा भांडतो, पोराला कसा रागावतो, यातलं काही त्यात नाही. त्यावर चुकांचं प्रमाण वीस टक्क्यांखाली आलं की विजयाच्या आरोळ्या. आकाशवाणीवरचं हवामान तेवढं ऐकून कुणी 'मला मराठी येतं' म्हणालं, तर आपण त्याला दारात तरी उभं करू का?

ही भाषा नुसत्या हातांची नाहीच. जर्मन सांकेतिक भाषेत हात तेच ठेवून नुसती मान हलवली की वाक्य नकारार्थी होतं. भुवया प्रश्न विचारतात. 'मी तुला दिलं' आणि 'तू मला दिलंस' यांतला फरक हात कुठून कुठे गेला यावर ठरतो. एक खूण संपण्याआधीच पुढचीची तयारी सुरू होते. मध्ये फट नसते. तरीही २०१६ साली अमेरिकेत खुणा 'बोलून दाखवणाऱ्या' हातमोज्यांना दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. हातमोज्याला चेहरा दिसतो का?

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेली पन्नास लाखांवर माणसं नोंदली गेली. भारतीय सांकेतिक भाषेचा २०२० सालचा 'इन्क्लूड' हा संग्रह २६३ शब्दांचा, तोही सुट्या शब्दांचा. चेन्नईच्या कर्णबधिर विद्यार्थ्यांनी तो करून दिला, हे मोलाचं काम आहे. पण त्याच्या जिवावर 'संवादाची दरी मिटली' म्हणणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.

उद्या एखादं इस्पितळ दुभाष्याची जागा भरण्याऐवजी रोग्यापुढे फोन सरकवेल. 'दुखत नाही'चं 'दुखतंय' झालं तर जबाबदार कोण? कर्णबधिर परीक्षकांनी अनोळखी माणसांच्या रोजच्या बोलण्यावर तपासल्याशिवाय असलं एकही यंत्र इस्पितळात किंवा पोलीस ठाण्यात येता कामा नये. तोवर दुभाषे नेमा आणि त्यांना पुरेसा पगार द्या.