गाडी चालते, मग नकाशा का थांबावा?

एखाद्या जुन्या नकाशात तुम्हांस 'दक्षिण सातारा' हा जिल्हा आढळला, तर चकित होऊ नका. 1949 साली हा जिल्हा निर्माण झाला आणि 1960 साली त्याचे नाव 'सांगली' असे ठेवण्यात आले. छापला तेव्हा तो नकाशा बरोबरच होता. नाव बदलले, कागद मात्र तसाच राहिला.

जुन्या मोटारीतील स्क्रीनचेही असेच होते. नकाशा, गाणी, फोन यांची सोय करणाऱ्या या इन्फोटेनमेंट यंत्रणेत एक छोटा संगणकच असतो. साताऱ्यावरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गाचा क्रमांक पूर्वी 4 होता. 2010 साली क्रमांक बदलले आणि तो 48 झाला. कोणी सांगितल्याशिवाय हे त्या संगणकाला कळावे कसे?

तारखेचीही तीच गत. जीपीएस उपग्रहांच्या मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकासाठी 10 द्विमान अंकांचीच जागा आहे. तीत 0 ते 1023 असे 1024 क्रमांक मावतात. पुढे पुन्हा शून्य! ऑगस्ट 1999 आणि एप्रिल 2019 मध्ये असे घडले. ज्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये याची तरतूद नसते, त्यांची तारीख 1024 आठवडे, म्हणजे सुमारे 19 वर्षे 7 महिने मागे जाते. यंत्र धडधाकट असते. त्याला नवा हिशेब शिकविणे तेवढे राहून गेलेले असते.

हे शिकविणे म्हणजेच सॉफ्टवेअर अद्ययावत करणे. अनेक जुन्या गाड्यांत उत्पादकाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ती गाडीला जोडतात. मध्येच वीज तुटली तर आज्ञावली अर्धवट लिहिली जाते व स्क्रीन बंद पडू शकते. म्हणून आधी बॅटरी तपासावी.

पण फाइलच मिळाली नाही तर? सातारा-सांगलीचा कुशल मेस्त्री इंजिन खोलून पुन्हा जोडतो. कुलूपबंद सॉफ्टवेअरपुढे त्याचा पाना काय करणार? बनावट फाइलचा धोका खरा आहे, हे मान्य. परंतु अंकीय स्वाक्षरी तपासून खरी फाइल ओळखण्याची सोय यंत्रात करता येते. मग उत्पादकाने स्वाक्षरी केलेली फाइल मालकास व मेस्त्रीस खुली ठेवण्यास हरकत कोणती?

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारीही येतात. माझ्या मते पुढचे पाऊल असे हवे : सॉफ्टवेअर किती वर्षे मिळेल, हे विक्रेत्याने गाडी विकतानाच लेखी द्यावे. सुट्या भागांची चौकशी आपण करतोच ना?

घरची किंवा शेजारची गाडी पाहा. तारीख बरोबर आहे का? महामार्ग 4 की 48? चूक आढळल्यास गाडी म्हातारी झाली असे म्हणण्यापूर्वी, तिच्यासाठी शेवटची फाइल कोणत्या साली निघाली, ते विचारा.