पोटरीतला गोळा आणि "वय झालं"

पेण-रोह्याकडे रात्री पायात गोळा येणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. कुणी दिवसभर चिखलात वाकून भात लावते, कुणी हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात मांडी घालून गणपती रंगवते. मध्यरात्री पोटरी दगडासारखी होते, ती ओठ दाबून पडून राहते आणि सकाळी म्हणते, "वय झालं." वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं. पण "वय झालं" म्हटलं की पुढचं कुणी काही विचारत नाही, माझा आक्षेप त्याला आहे.

स्नायू अचानक आखडतो आणि सैल होत नाही, तो गोळा. थकवा, एकाच जागी तासन्‌तास उभं राहणं किंवा बसणं, गरोदरपण, मधुमेह, काही औषधं यांच्याशी त्याचा संबंध असतो. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढावं, पोटरी चोळावी, नंतर शेकावं.

आपल्याकडे मात्र सलाईन लावायची नाहीतर मॅग्नेशियमच्या गोळ्या आणायची घाई. वयस्कर माणसांना त्या गोळ्यांचा फारसा फायदा होण्याची शक्यता नाही, असं कोक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात म्हटलं आहे. उलट २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ज्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पायांना ताण दिला, त्यांचे गोळे कमी झाले. पद्धत सोपी आहे: हात भिंतीला टेकवा, एक पाय मागे घ्या, टाच जमिनीवरच ठेवून पुढे झुका. दहा आकडे मोजा. असं प्रत्येक पायाला तीनदा.

रमजानमध्ये इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहावं. तरावीहला बराच वेळ उभं राहायचं असतं.

मात्र प्रत्येक दुखणं गोळा नसतं. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. मधुमेह असणाऱ्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांनी हे तपासून घ्यावंच. एकच पाय सुजून गरम झाला तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मी वर्गात मुलांना हा व्यायाम करायला लावते आणि घरी अम्मीला, दादीला शिकवायला सांगते. त्याला खर्च काहीच नाही. भिंत प्रत्येक घरात आहे; तिच्यासमोर उभं राहायला घरातल्या बाईला रोज पाच मिनिटं मिळतात का, एवढं आपण विचारायला हवं.