ट्रॉयहून शालोम : मूल कॅमेऱ्यासमोर, आईबाप कुठे?



आपल्या एका वाचक आजींनी फोनवर विचारलं, "सूनबाईला टीव्हीच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये भाग घ्यायचाय. ती आणि माझी दोन लहान नातवंडं. घरात कॅमेरे लावून रोजचं जगणं दाखवणार म्हणे. मी नको म्हटलं तर जुन्या विचारांची ठरेन. काय सांगू?" हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे, म्हणून उत्तर या पानावरच देतो.

मुलांनी चारचौघांसमोर उभं राहणं आपल्याला नवं नाही. पुरीमला मुलं राणी एस्तेर आणि मर्दखय होऊन मिरवतात, आपण टाळ्या वाजवतो. आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर तर सर्वांना आठवत असतीलच. १९५४ च्या 'बूट पॉलिश' मध्ये ते जॉन चाचा झाले होते आणि त्यांच्याबरोबर बेबी नाझ व रतन कुमार ही दोन लहान मुलं होती. डेव्हिडना त्या कामासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. बेबी नाझची १९५५ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात खास दखल घेतली गेली. मात्र सिनेमातलं मूल दुसऱ्याच्या नावानं रडतं, आणि दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं की डोळे पुसून खेळायला जातं. रिअ‍ॅलिटी शोमध्ये मूल स्वतःच्याच नावानं रडतं. शाळेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं.

म्हणून सगळेच कार्यक्रम वाईट का? तसं मुळीच नाही. झी मराठीवर २००८-०९ साली 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' झालं, ते आठवा. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन या पाच मुलांनी मराठी घरांना वेड लावलं होतं. मुग्धा त्यांत सर्वांत धाकटी, जेमतेम आठ वर्षांची आणि आपल्या अलिबागची! आपले पूर्वज ज्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्याच्या शेजारचीच म्हणा ना.

या मुलांचे आईबाप काय करत होते, तेही पाहा. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक, गाणं शिकवणारे. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका, तीच तिची गुरू. म्हणजे विद्या आधी घरात आली, कॅमेरा मागाहून. २००९ साली कार्तिकी पहिली आली, पण बाकी चौघांचं काही अडलं नाही. कारण स्पर्धा संपली तरी गाणं त्यांच्याजवळच राहिलं. २०२१ साली हेच पाचजण त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसले. प्रथमेश आणि मुग्धा यांचं तर डिसेंबर २०२३ मध्ये लग्न झालं.

आता इथलं, अमेरिकेतलं उदाहरण घ्या. २००७ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका कुटुंबावर 'जॉन अँड केट प्लस एट' हा कार्यक्रम सुरू झाला. आईबाप, दोन जुळ्या मुली आणि एकाच वेळी जन्मलेली सहा भावंडं. ती सहा तेव्हा अजून तीन वर्षांचीही झाली नव्हती. जेवण, आंघोळ, हट्ट, भांडण, सगळं घरोघरी दिसलं. २००९ मध्ये आईबापांचा घटस्फोट झाला, तोही साऱ्या देशानं पाहिला. इथं गाणं नव्हतं, नाच नव्हता. घर हाच खेळ होता, त्यामुळे खेळ मोडला तेव्हा मुलांना परत जायला वेगळं घर उरलं नाही.

शिवाय कायद्यापुढे प्रश्न आला, की घरात नुसतं राहणारं मूल 'काम' करतं का? पेनसिल्व्हेनियाच्या कामगार खात्यानं २०१० मध्ये म्हटलं, होय, यासाठी बालकामाचे परवाने घ्यायला हवे होते. २०१२ साली त्या राज्यानं रिअ‍ॅलिटी शोमधल्या मुलांनाही लागू होणारा कायदा केला.

पैशाची गोष्ट त्याहून जुनी. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड' मधला छोटा जॅकी कूगन मोठा झाला आणि पाहतो तो त्याची लाखो डॉलरांची कमाई आई व सावत्र वडिलांनी खर्चून टाकलेली. तो कोर्टात गेला, हाती आले सव्वा लाखाच्या आसपास डॉलर. त्यावरून १९३९ साली कॅलिफोर्नियात त्याच्याच नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. भारतातही २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त, राबवता येत नाही. कमाईतला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावा लागतो. आणि मोबाईलवर मुलांचे व्हिडिओ टाकून पैसे मिळवणाऱ्या आईबापांसाठी इलिनॉय राज्यानं १ जुलै २०२४ पासून कायदा लागू केला. मुलाचा वाटा मुलालाच मिळायला हवा.

तेव्हा आजी, सूनबाईंना 'नको' म्हणू नका. शेजारी बसा आणि चार गोष्टी विचारा. मूल काय दाखवायला चाललंय, त्याची कला की त्याचं रडणं? करारावर सही मुलाच्या वतीनं आईच करते, मग चित्रण कोणकोणत्या ठिकाणी आणि किती वर्षं दाखवतील, हे वकिलाकडून वाचून घेतलंय का? पैसा कोणाच्या नावे? आणि मूल मध्येच "पुरे" म्हणालं, तर थांबवायचा अधिकार आईच्या हातात राहतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. तासन्‌तास चित्रण होतं आणि आपल्याला दिसतो अर्धा-पाऊण तास. त्यात काय ठेवायचं ते कंपनी ठरवते, आणि हसण्यापेक्षा रडणं जास्त बघितलं जातं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आई स्वतःच खेळात उतरली, की दारात उभं राहून "बस्स" म्हणणारं माणूस कोण? ते माणूस आजीही होऊ शकते.

आपल्या तालमुदात बापाची कर्तव्यं सांगितली आहेत : मुलाला तोरा शिकवावी, हातात एखादा धंदा द्यावा. आणि काही ज्ञानी म्हणतात, पोहायलाही शिकवावं. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्यांच्या वंशजांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. आधी पोहणं, मग समुद्र.

बालमित्रांनो, आता थोडं तुमच्यासाठी. गाणं, नाच, नाटक जरूर शिका आणि कार्यक्रमात भागही घ्या. पण कोणी तुमचा फोटो किंवा व्हिडिओ काढत असेल आणि तुम्हाला नको वाटलं, तर "नको" म्हणायला लाजू नका. आईबाबांना सांगा, आजीआजोबांना सांगा. स्पर्धेत नंबर आला नाही तरी गाणं तुमचंच राहतं. आणि हो, अलिबागची मुग्धा आठ वर्षांची असताना कशी गात होती, ते आजीला विचारा. ती गुणगुणायला लागली, तर तुम्हीही तिच्याबरोबर गा. त्याला कॅमेरा लागत नाही.

सर्वांना ट्रॉयहून शालोम आणि शब्बाथ शालोम.