खोटे नाणे कोणाच्या हातात?

साहसकथेची सुरुवात कशी करावी, हा प्रश्न आम्हां मराठीच्या मास्तरांना कॉलेजातल्या विद्यार्थ्यांपेक्षा शेजारची मुलेच अधिक विचारतात. खजिन्याचा नकाशा झाला, भुयार झाले, पडक्या वाड्यातला दिवाही झाला. यंदा मात्र आमच्या पार्ल्याच्या गल्लीतल्या मुलांनी आपण होऊन एक नवी सुरुवात शोधून काढली.

त्यांचा किल्ला नेहमीसारखाच माती-विटांचा होता. पण पायथ्याशी त्यांनी शहर वसवले. वेस आली, पेठ आली, टांकसाळही आली. टांकसाळीतून बाटल्यांची बुचे सोनेरी रंगवून शंभर मोहरा बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मोजदाद केली, तो मोहरा भरल्या एकशे तेवीस! झाले. कोतवाल आणि हेर कामाला लागले. खोट्या मोहरांचा रंग नखाने निघतो, हा शोध लागला आणि तपासाला ऊत आला. एवढ्यात भाजीच्या दुकानावर बसलेली सात वर्षांची चिमुरडी पुढे आली. तिच्या डबीतल्या अकरा मोहरा खोट्या ठरून जप्त झाल्या होत्या. ती म्हणाली, “चोर सापडेल तेव्हा सापडेल. माझ्या भाजीचे पैसे कोण देणार?”

वाचकहो, खोट्या नाण्याची खरी गोष्ट इथे सुरू होते. घरफोडी झाली की कोणाचे गेले ते तत्काळ कळते. खोटे नाणे मात्र दहा हातांतून सुखरूप जाते आणि अकराव्या हातात ओळखले जाते. आधीच्या दहांना त्याची झळ नाही. सगळा तोटा त्या अकराव्याचा. आपली भाषा हे जाणून आहे. नाणे ‘चालते’ असेच आपण म्हणतो. कमअस्सल नाण्याच्या मोलात जी तूट धरायची तिला बट्टा म्हणत. तोच पुढे माणसाच्या नावालाही लागू लागला. खजिन्यात येणारे नाणे पारखून घेणारा तो पोतदार. त्याचे आडनाव आज आपल्या शेजारच्या दारावर दिसते.

अरबी सुरस गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी घरांत आणल्या. त्या मूळ कथामालेत बगदादच्या एका खाटकाची हकीगत आहे. एक म्हातारा रोज नव्या कोऱ्या नाण्यांनी मांस नेतो. खाटीक ती नाणी वेगळ्या पेटीत जपून ठेवतो. एके दिवशी पेटी उघडतो, तर आत नुसते कागदाचे गोल तुकडे! तो भर बाजारात म्हाताऱ्याला धरतो. पण म्हातारा असा जादूगार, की शिक्षा होते ती खाटकालाच. फसलेल्याने तोंड उघडले आणि तोच गुन्हेगार ठरला, ही या गोष्टीतली खरी भीती.

गोष्टीतले शहर कशाला, आपल्या देवगिरीचेच पाहा. खंदक, अंधेरी, उभा कातळ. मुलांच्या किल्ल्याने हेवा करावा अशी जागा. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास तिथे राजधानी आणून तिला दौलताबाद म्हटले आणि दोन-तीन वर्षांतच चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली. त्यांतल्या काहींवर दौलताबादचे नाव आणि हिजरी 731, म्हणजे इसवी 1330-31, हे साल आहे. किंमत चांदीची, धातू घरच्या भांड्यांचा, आणि नक्कल ओळखू येईल अशी खूण नाही! घरोघर टांकसाळी निघाल्या, असे इतिहासकार बरनी सांगतो. त्यात अतिशयोक्ती असेल. पण गावोगावचे मुखिये त्याच नाण्यांत सारा भरू लागले आणि परदेशी व्यापारी ती घेईनात. अखेर सुलतानाने ती परत मागवली आणि बदल्यात खजिन्यातून सोने-चांदी मोजली. तुघलकाबादेत त्या नाण्यांचे डोंगर साचले.

वेडगळ कारभाराला आपण आजही ‘तुघलकी’ म्हणतो, आणि ते नाणे काढणे वेडगळच होते. ते परत घेताना खोटे पाडणारेही गबर झाले, हेही खरे. तरी ज्याच्या हातात ते नाणे उरले, त्याला सुलतानाने वाऱ्यावर सोडले नाही, एवढे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

आजचा नियम उलट आहे. खोटी नोट बँकेत आली की बँक तिच्यावर शिक्का मारते, ती ठेवून घेते आणि पावती देते. बदली पैसे मिळत नाहीत. एका वेळी पाच किंवा अधिक निघाल्या तर पोलिसांत गुन्हा नोंदतात. नियम कठोर आहे. पण भरपाई देऊ लागलो तर खोट्या नोटांना सरकारी गिऱ्हाईकच मिळेल. आणि खोटी आहे हे ठाऊक असून ती पुढे खपवणे हा मोठाच गुन्हा. म्हणजे नकळत फसलेल्या माणसापुढे दोनच वाटा: तोटा सोसायचा, नाहीतर फसवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे.

म्हणून यंदा मुलांना अशी गोष्ट सांगाल, तेव्हा खोटे नाणे कोणी पाडले ते शेवटी सांगा. आधी ते एखाद्या हमालाच्या मुठीत ठेवा. दिवसभराची मजुरी तेवढीच. घरी चूल थंड. नाणे खोटे आहे हे त्याला नुकतेच कळले आहे. समोर धान्याचे दुकान आहे, दिवेलागण झाली आहे, आणि दुकानदाराला जरा कमी दिसते.